स्टेंट टाकला तरी नस परत अरुंद का होते, आणि जीन थेरपीचं नेमकं काय झालं?

मागच्या अंकात अँजिओप्लास्टीनंतर नस परत अरुंद होते त्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी जीन थेरपी, म्हणजे पेशींत बाहेरून जनुक घालून करायचा उपचार, प्राण्यांमध्ये चालली होती एवढा नुसता उल्लेख करून थांबले होते. ते करायला नको होतं, कारण अर्धवट सांगितलं की माणूस उरलेलं मोबाईलवर शोधतो आणि तिथे खरं-खोटं सगळं एकाच आवाजात सांगितलेलं असतं. या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं त्यावरच आहेत आणि काही तर वाचून काळजी वाटली, म्हणून आज फक्त हाच विषय.

प्रश्न : आमच्या बाबांचं वय ६२, डायबेटिस बरीच वर्षं आहे. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. सहा महिने छान गेले, आता परत चालताना छाती जड होते. अँजिओग्राफी केली तर त्याच जागी, स्टेंटच्या आतच, मोठा ब्लॉक निघाला. डॉक्टर म्हणतात परत करावी लागेल. भावाने एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात म्हणतात की जीन थेरपीचं एकच इंजेक्शन नसेत दिलं की ती पुन्हा कधीच अरुंद होत नाही. भाऊ म्हणतो थांबूया, बाबांना परत त्या सगळ्यातून कशाला न्यायचं. मला काहीच सुचत नाहीये. असं इंजेक्शन खरंच आहे का?

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देते कारण तुमच्याकडे वेळ घालवायला नाहीये. असं इंजेक्शन नाही. अँजिओप्लास्टीनंतर हृदयाची नस परत अरुंद होऊ नये म्हणून मान्यता मिळालेली जीन थेरपी आज जगात कुठेच नाही. बाबांना त्रास परत सुरू झालाय आणि ब्लॉक दिसलाय, तर कृपा करून थांबू नका, डॉक्टरांशी पुढचं बोलून घ्या. भावाला राग येईल तर येऊ दे, त्याचा हेतू वाईट नाहीये, त्याला बाबांचे हाल वाचवायचेत एवढंच, पण त्याला हे उत्तर वाचायला द्या.

आता नस परत अरुंद का होते ते नीट समजून घ्या, म्हणजे जीन थेरपीची कल्पना कुठून आली तेही कळेल. अँजिओप्लास्टीत आपण बारीक फुगा नसेत नेतो आणि फुगवतो, चरबीचा जो थर साचलेला असतो तो बाजूला दाबला जातो आणि वाट मोकळी होते, मग ती उघडी राहावी म्हणून तिथे स्टेंट, म्हणजे धातूच्या तारांची जाळीदार नळी, बसवतो. ऐकायला सोपं वाटतं, पण नसेच्या भिंतीच्या दृष्टीने ती एक जखमच असते. आतलं जे गुळगुळीत अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं, ते खरवडून निघतं, मधला स्नायूंचा थर ताणला जातो, कुठे कुठे चीर पडते. आणि जखम झाली की शरीर ती भरणार, ते त्याचं कामच आहे. मधल्या थरातल्या स्नायूपेशी, ज्या एरवी वर्षानुवर्षं शांत पडून असतात, त्या जाग्या होतात, वाढायला लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि स्वतःभोवती चिकट धागेदार माल टाकत बसतात. कातडीवर जखमेचा व्रण जाड होऊन वर येतो ना, तसाच काहीसा प्रकार, फक्त इथे तो तीन मिलिमीटरच्या नळीच्या आत होतो म्हणून जीव घाबरा होतो. या परत अरुंद होण्याला रीस्टेनोसिस म्हणतात. म्हणजे पहिला ब्लॉक आणि हा दुसरा ब्लॉक दिसायला सारखे असले तरी बऱ्याचदा जात वेगळी, पहिला चरबी साचून वर्षानुवर्षांत झालेला, दुसरा जखम जास्त भरून आल्यामुळे काही महिन्यांत झालेला.

आम्ही आता नसेच्या आत प्रकाशाचा बारीक कॅमेरा घालून बघतो, त्याला ओसीटी म्हणतात. स्क्रीनवर नस गोल कापलेल्या फळासारखी दिसते, कडेने स्टेंटच्या तारांचे चमकणारे ठिपके गोलात मांडल्यासारखे, आणि ज्याची नस परत भरलीये त्याच्यात त्या ठिपक्यांच्या आत एक जाड पांढुरका थर सगळीकडून वाढून आलेला, मध्ये रक्ताला जायला नुसतं एक काळं छिद्र उरलेलं. ते एकदा बघितलं की लक्षात येतं की स्टेंट तिथेच आहे, तुटला नाही, हलला नाही, त्याने त्याचं काम केलंय, पण पेशींना थांबवणं हे नुसत्या धातूचं काम नाहीच. कधी कधी मात्र याच चित्रात दिसतं की स्टेंट पहिल्यांदा पूर्ण उघडलाच नव्हता, मागे कॅल्शियमचा कडक थर होता, मग उपाय वेगळा करावा लागतो. म्हणून बाबांच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, की आतून बघून कारण शोधणार का. त्यानुसार मग जास्त दाबाचा फुगा, औषध लावलेला फुगा, किंवा आत दुसरा औषधी स्टेंट असं ठरतं, आणि वारंवार होत असेल तर बायपासचाही विचार होतो. डायबेटिसमध्ये हा त्रास जास्त होतो, तेव्हा साखरेकडे आधीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागेल.

आणि व्हिडिओचं म्हणाल तर गोंधळ कुठून होतो त्याचा मला अंदाज आहे. पायाच्या नसा बंद झालेल्या पेशंटसाठी जनुकांवर आधारलेलं एक औषध रशियात २०११ साली मान्य झालं, जपानमध्ये दुसऱ्या एकाला २०१९ साली अटी घालून मान्यता मिळाली होती. पण ती पायाच्या स्नायूत देतात, नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून. त्यांचा स्टेंटच्या आत वाढणाऱ्या थराशी काही संबंध नाही.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की प्राण्यांमध्ये जीन थेरपीने नस अरुंद होणं थांबलं होतं. मग तीस वर्षं झाली तरी माणसात का नाही आलं? कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात असं ऐकलंय.

उत्तर : दाबून ठेवलं नाही, उलट खूप मोठ्या आशेने माणसांवर करून बघितलं आणि चाललं नाही. ही गोष्ट मला जवळची आहे म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण मी रेसिडेंट होते त्या काळात आम्ही सगळे यावर डोळे लावून बसलो होतो.

त्या वेळची परिस्थिती काय होती ते आधी बघा. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाची नस पहिल्यांदा फुग्याने उघडली, आणि छाती न कापता हे होऊ शकतं म्हटल्यावर सगळं जगच बदललं. पण काही वर्षांतच लक्षात आलं की दर दहा पेशंटमागे तीन ते चार जण सहा महिन्यांत परत येतात. १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले, १९९४ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, त्यातल्या बेनेस्टेंटमध्ये फुग्याने ३२ टक्के आणि स्टेंटने २२ टक्के लोकांची नस परत अरुंद झाली. म्हणजे सुधारणा झाली पण पाचातला एक तरी परत येणारच. मला एक गृहस्थ आठवतात, एका वर्षात तीन वेळा त्याच टेबलावर आले, तिसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, माझंच काही चुकतंय का?" त्यांचं काही चुकत नव्हतं, गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, सिगारेट कधीच सोडलेली. आमच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं एवढंच.

अशा वेळी जीन थेरपीची कल्पना आली, आणि खरं सांगते, ती कल्पना आजही मला अतिशय देखणी वाटते. नेहमी जीन थेरपीची अडचण ही असते की घातलेलं जनुक काही दिवसांनी काम करायचं थांबतं आणि आजार तर जन्मभराचा असतो. इथे नेमकं उलटं. पेशींची वाढ पहिल्या काही आठवड्यांत जोरात असते आणि सहा महिन्यांत बहुतेक आटोपते, म्हणजे जनुकाने दोन-तीन आठवडे काम केलं आणि मग ते आपोआप बंद पडलं तरी चालण्यासारखं होतं. शिवाय जागा ठरलेली, आपण तिथे कॅथेटर म्हणजे बारीक नळी घेऊन पोचलेलोच असतो, सगळ्या शरीराला औषध द्यायची गरज नाही. यापेक्षा सोयीची जागा कुठली मिळणार असं सगळ्यांना वाटलं.

१९९० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ नाबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या नसेत दोन फुगे असलेला कॅथेटर घातला, दोन्ही फुगे फुगवून मधला तुकडा बंद केला आणि त्या बंद जागेत जनुक सोडलं, आणि ते भिंतीतल्या पेशींत खरोखर काम करायला लागलं. १९९४ मध्ये याच मंडळींनी पुढचं पाऊल टाकलं, हर्पीस विषाणूतलं एक जनुक पेशींत घातलं, त्या जनुकामुळे गॅन्सायक्लोव्हिर नावाचं औषध फक्त वाढणाऱ्या पेशींसाठी विष बनतं, औषध दिलं आणि वाढणारा थर खूप कमी झाला. त्याच सुमारास कुणी पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारी जनुकं घातली, कुणी नायट्रिक ऑक्साइड बनवणारं, उंदरांत, सशांत, डुकरांत, सगळीकडून चांगल्या बातम्या.

मग माणूस आला आणि तिथे अडलं. एक म्हणजे उंदराची नस ही तरुण, स्वच्छ, निरोगी नस असते, आपण तिला मुद्दाम जखम केलेली असते. माणसाची नस म्हणजे वीस-तीस वर्षांची चरबी, कॅल्शियम, जुने व्रण, तिच्यात औषधसुद्धा नीट झिरपत नाही मग जनुक घेऊन जाणारा विषाणू काय झिरपणार. दुसरं, वेळ. डुकराच्या पायाची नस वीस मिनिटं बंद ठेवता येते, माणसाच्या हृदयाची नस तेवढा वेळ बंद ठेवली तर हृदयाचा तो भागच मरायला लागेल, आणि रक्त चालू ठेवलं तर घातलेलं सगळं धुऊन वाहून जातं. तिसरं, अॅडेनोव्हायरस. जनुक पोचवायला बहुतेक जण तोच वापरत होते, साध्या सर्दीच्या विषाणूंच्या कुळातला, अंगात वाढू शकणार नाही असा केलेला, पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतात, शरीर त्याला ओळखतं आणि तिथे सूज आणतं, आणि सूज म्हणजे परत पेशींच्या वाढीला निमंत्रण.

मोठ्या चाचण्यांचे निकाल ऐका. रॉटरडॅममध्ये स्टेंट टाकलेल्या ८५ पेशंटना पेशींची वाढ चालू करणाऱ्या एका जनुकाला गप्प करणारा डीएनएचा तुकडा नसेत दिला, २००२ साली निकाल आला, फरक नाही. फिनलंडमध्ये कुओपिओला १०३ पेशंटवर अस्तर लवकर परत यावं म्हणून व्हीईजीएफ हे जनुक घातलं, २००३ चा निकाल, नस अरुंद होण्यात फरक नाही, हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या रक्तपुरवठ्यात मात्र एका गटात थोडी सुधारणा दिसली. आणि मनाला सगळ्यात लागलेला निकाल २००५ चा, तो अँजिओप्लास्टीचा नाही बायपासचा, पण दुखणं तेच. बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयाला जोडतात, म्हणजे ती शीर काही वेळ शरीराबाहेर सर्जनच्या हातात असते, तिला त्याच वेळी औषधात बुडवली, थोडा दाब दिला, दहा मिनिटं, की वाढीचं बटण दाबणाऱ्या प्रोटीनला चकवणारे डीएनएचे तुकडे भिंतीत शिरतात. वाहून जायची भीती नाही, वेळेची अडचण नाही, विषाणूही नाही. तीन हजार चौदा पेशंट घेतले. आणि वर्ष-दीड वर्षाने बघितलं तर औषध दिलेल्यांपैकी ४५.२ टक्के लोकांत शीर निकामी, न दिलेल्यांत ४६.३ टक्के. म्हणजे काहीच नाही. आणि हे कोणी लपवलंही नाही, छापून आलं, सगळ्यांनी वाचलं.

मधल्या काळात, १९९९ च्या सप्टेंबरमध्ये, जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा अमेरिकेत जीन थेरपीच्या चाचणीत गेला. त्याचा आजार यकृताचा होता, हृदयाचा नाही, पण अॅडेनोव्हायरस दिल्यावर चार दिवसांत तो गेला. त्यानंतर सगळीकडे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. नस परत अरुंद होणं त्रासदायक आहे पण त्यावर परत फुगा मारता येतो, त्यासाठी कुणाच्या जिवाशी एवढी जोखीम घ्यायची का, हा प्रश्न मग टाळता येत नव्हता.

प्रश्न : म्हणजे शेवटी औषधाचा स्टेंट आला म्हणून जीन थेरपी मागे पडली का? मी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट यावर करायचा विचार आहे, विषय संपलाय असं सर म्हणतात.

उत्तर : सर अर्धे बरोबर आहेत. औषधी स्टेंटने मैदान मारलं हे खरं. २००२ मध्ये रॅव्हेल नावाच्या अभ्यासाचा निकाल छापून आला, २३८ पेशंट, साध्या स्टेंटमध्ये सहा महिन्यांत २६.६ टक्के लोकांची नस परत अरुंद, पेशींची वाढ थांबवणारं सिरोलिमस हे औषध लावलेल्या स्टेंटमध्ये शून्य. शून्य! इतकी वर्षं ज्याच्यामागे सगळे होते ते असं अचानक समोर आलं. पुढे अवघड नसा घेतल्या तेव्हा शून्य राहिलं नाही, सिरियस अभ्यासात ८.९ टक्के निघालं, पण साध्या स्टेंटचे ३६.३ टक्के होते त्याच्या तुलनेत विचार करा.

आणि तुझ्यासाठी यातली मजेची गोष्ट ही की सिरोलिमस जे करतं तेच जीन थेरपीवाले करायला बघत होते. पेशीचं चक्र पुढे सरकू नये म्हणून पेशीत काही ब्रेक असतात, त्यातला एक पी-२७ नावाचं प्रोटीन. जखम झाली की ते मोडीत निघतं आणि पेशी सुटते. जीन थेरपीवाले म्हणत होते पी-२७ चं जनुक बाहेरून घालूया. सिरोलिमस एमटॉर नावाच्या यंत्रणेवर बसतं आणि पेशीतलं आहे तेच पी-२७ टिकवून धरतं. मुक्काम एकच, पण औषध स्टेंटवर लेपता येतं, हळूहळू सुटतं, भिंतीत सहज झिरपतं, त्याला विषाणूच्या पाठीवर बसून जावं लागत नाही. या औषधाची माती तर कुठली, १९६४ साली कॅनडाची एक मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली तिथून आणलेली, त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काढलं, कंपनीने काम थांबवलं तेव्हा त्यांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून सिरोलिमसचं दुसरं नाव रापामायसिन. स्टेंटसाठी ते कुणी शोधलंच नव्हतं.

पण विषय संपलेला नाही, आणि का ते सांगते. औषधी स्टेंट स्नायूपेशी थांबवतो तसा अस्तराच्या पेशींनाही थांबवतो. त्याला दोघांतला फरक कळत नाही. अस्तर उशिरा येतं, धातू उघडा राहतो, उघड्या धातूवर रक्ताची गुठळी व्हायची भीती, २००६ मध्ये यावरून केवढी खळबळ झाली होती. नवीन स्टेंटच्या तारा पातळ झाल्यात, पहिल्या सिरोलिमस स्टेंटची तार १४० मायक्रॉनची होती, आताच्या बऱ्याच ६० ते ८० च्या आहेत, लेपही सुधारलेत, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला, पण मूळ अडचण तीच आहे. इथे जनुकांकडे एक गोष्ट आहे जी औषधाकडे नाही, ती म्हणजे पेशी ओळखण्याची ताकद. २०१४ मध्ये छापून आलेलं एक काम तू नक्की शोधून वाच. अस्तराच्या पेशींत मायक्रोआरएनए-१२६, म्हणजे जनुकांचे संदेश गप्प करणारा आरएनएचा एक बारीक तुकडा, भरपूर असतो, स्नायूपेशींत नसतो. त्यांनी पी-२७ च्या जनुकाला अशी शेपटी लावली की जिथे १२६ असेल तिथे त्याचा संदेश नष्ट व्हावा. मग झालं असं की जनुक दोन्ही पेशींत गेलं, स्नायूपेशीत ब्रेक लागला, अस्तराच्या पेशीत लागलाच नाही, आणि उंदरांत थर वाढला नाही तरी अस्तर मात्र नीट परत आलं. प्रयोग उंदराच्या मानेच्या नसेवरचा आहे, वर जे सगळं सांगितलं ते याला लागू आहेच. पण विचार बघ किती नेमका आहे.

तुला प्रोजेक्ट करायचा असेल तर जनुक कुठलं यावर वेळ घालवू नकोस, जनुकं पुष्कळ सापडलीत. ते पोचवायचं कसं यावर कर. २००० साली डीएनएचा लेप दिलेला स्टेंट डुकराच्या हृदयाच्या नसेत बसवून दाखवला होता, तिथून धागा पकड.

प्रश्न : आईला अशी थेरपी दिली तर पुढे आमच्यात किंवा आमच्या मुलांत ते जनुक येईल का?

उत्तर : नाही. यात जनुक नसेच्या भिंतीतल्या पेशींत जातं, बीजपेशींत नाही. शिवाय अॅडेनोव्हायरसने नेलेलं जनुक आपल्या मूळ डीएनएत जोडलंही जात नाही, वेगळं राहतं आणि काही आठवड्यांत नाहीसं होतं. आणि तुमचा जन्म तर आईच्या उपचाराच्या आधीच झालेला आहे, ते तसंही शक्य नाही.

प्रश्न : एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की स्टेंटनंतर जीन थेरपीची ट्रायल चालू आहे, नाव घालायचं असेल तर पैसे भरा आणि आजच सही करा. आम्ही सही केली नाही पण मिस्टर म्हणतात संधी जाईल.

उत्तर : सही केली नाहीत ते फार चांगलं केलंत, आणि मिस्टरांना सांगा की अशी संधी गेलेलीच बरी. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. खऱ्या चाचणीची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये असते, नोंदणी नंबर मागितला की देतात, तो तुम्ही स्वतः बघू शकता. नैतिक समितीची परवानगी असते. आणि संमतीचा कागद घरी नेऊन वाचायला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला पूर्ण मुभा असते, आजच सही करा असं कुणी म्हणत नाही, काही झालं तर उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी कुणाची हेही त्या कागदावर लिहिलेलं असतं. यातलं काहीही नसेल तर ती चाचणी नाही. मला या पत्राने खूप अस्वस्थ केलं, कारण घाबरलेल्या माणसाला त्याच्या भीतीच्या जोरावर लुबाडणं याच्यासारखं वाईट काही नाही. कागदाची कॉपी असेल तर जपून ठेवा आणि तक्रार करा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन निघालंय, ती जीन थेरपीच ना? ती घेतली तर स्टेंट परत भरणार नाही का?

उत्तर : त्याचं नाव इनक्लिसिरान. युरोपात २०२० च्या शेवटी आणि अमेरिकेत २०२१ च्या शेवटी मान्य झालं. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी. ते जनुक घालत नाही की बदलत नाही, यकृतात पीसीएसके-९ नावाच्या, कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रोटीनचा जो संदेश तयार होतो तो कापून टाकतं, त्यामुळे वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्यावर येतं. या प्रोटीनचं जनुकच कायमचं बदलण्याचे प्रयोगही चालू आहेत, माणसावरचा पहिला डोस २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दिला गेला. पण हे सगळं नवीन चरबी साचू नये यासाठी. स्टेंटमध्ये काही महिन्यांत जो थर वाढतो तो जखमेचा, त्याला कोलेस्टेरॉल कमी करून फारसं थांबवता येत नाही. म्हणजे दुसऱ्या नसांसाठी फायदा, त्याच स्टेंटसाठी फार नाही. घ्यायचं की नाही ते तुमच्या स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या, डोसवर आणि रिपोर्टवर ठरतं.

प्रश्न : नस परत अरुंद होतेय हे कसं ओळखायचं? दर सहा महिन्यांनी अँजिओग्राफी करावी का?

उत्तर : त्रास नसेल तर उगाच अँजिओग्राफी करायची गरज नाही. पहिल्या वर्षात लक्ष ठेवा. अँजिओप्लास्टीच्या आधी जसा त्रास व्हायचा तसाच परत चढताना, भरभर चालताना व्हायला लागला, थांबलं की बरं वाटतं, तर तो रीस्टेनोसिस असू शकतो, आठवड्याच्या आत दाखवा. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप, जबडा किंवा पाठ भरून येणं, नेहमीच्या कामाने गळून जाणं असंही होतं, ते वयावर ढकलू नका. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, थांबेना, तर मग विचार करत बसायचं नाही, तसंच हॉस्पिटलला जायचं, कारण ती गुठळी असू शकते.

प्रश्न : स्टेंट टाकून चार महिने झालेत. दाढ काढायचीये, शेजारचे म्हणाले रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस आधी बंद करा नाहीतर रक्त थांबणार नाही. करू का?

उत्तर : करू नका. हे पत्र सगळ्यात शेवटी घेतलंय पण मला सगळ्यात आधी याच पत्राची काळजी वाटली. वर सांगितलं ना की औषधी स्टेंटवर अस्तर यायला वेळ लागतो, तो वेळ तुमच्यात अजून चालू आहे आणि तोवर त्या उघड्या धातूचं रक्षण या दोन गोळ्या करतायत. परत अरुंद होणं हळूहळू होतं, इशारा देऊन होतं. गुठळी तशी होत नाही, ती काही मिनिटांत अख्खी नस बंद करते, आणि स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणं हे तिचं एक मोठं कारण आहे. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवून काढता येते, तिथे टाके घालून, कापूस दाबून, औषधाचा बोळा ठेवून रक्त थांबवतात. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं लिहून द्या आणि त्यांना तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. दुखत असेल तर तोवर काय घ्यायचं तेही त्यांनाच विचारा, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी यांच्याबरोबर चालेलच असं नाही. आजची रात्रीची गोळी घ्या.